वाऱ्याला वाट ठेवणारा माणूस

नोकरीच्या मुलाखतीसाठी मी पुण्याहून सायकल मारत पिंपरीला गेलो, तेव्हा माझ्याकडे तीन कागद होते. मॅट्रिकचं सर्टिफिकेट, ड्रॉइंगच्या परीक्षेचा दाखला आणि मामांनी खटपट करून मिळवलेलं एक शिफारसपत्र. साहेबांनी तिन्ही कागद टेबलावर ठेवले, ते उडू नयेत म्हणून वर एक दगड ठेवला आणि म्हणाले, "पायजमा गुडघ्यापर्यंत वर करा."

मी केला.

"आता वळा."

मी वळलो. साहेब खाली वाकून माझ्या पोटऱ्या बघत राहिले. बैलबाजारात उभा असल्यासारखं मला वाटलं आणि राग आला. पण घरी बायको होती, महिन्याभराची मुलगी होती, आणि राग आवरण्याएवढी अक्कल मला तेव्हाही होती. "सायकलवर आलात," ते म्हणाले. "ठीक आहे. उद्या सकाळी सातला या." कागद त्यांनी शेवटपर्यंत वाचले नाहीत.

तिथे एक मोठा कारखाना उभा राहत होता, आणि त्याच्या कामगारांसाठी शेजारच्या माळावर वसाहत बांधायची होती. तिची आखणी साहेबांकडे होती. माझं काम ट्रेसरचं, म्हणजे त्यांनी पेन्सिलीनं काढलेले नकाशे शाईनं गिरवायचे. त्या काळी पिंपरी म्हणजे गाव, रेल्वे स्टेशन, निर्वासित सिंधी कुटुंबांचा कॅम्प आणि बाकी सगळी ज्वारीची शेतं. साहेब कुठले हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे नागपूरकडचे, कुणी म्हणे बडोद्याला शिकले. डोक्यावर उन्हासाठीची सोला हॅट, खाकी अर्धी विजार, पायात जाड चपला. जीप दिलेली असून जीपमध्ये बसायचे नाहीत. जीपमध्ये सिमेंटची पोती पुढे जायची आणि साहेब मागून चालत यायचे. ड्रायव्हरला आधी लाज वाटायची, मग सवय झाली.

सगळ्यांना ते अहो-जाहो करायचे. खड्डे खणणाऱ्या बायकांनासुद्धा "अहो बाई" म्हणायचे, आणि त्या पदर तोंडाशी धरून हसायच्या. अरे-तुरे ते फक्त एका माणसाला करायचे, आणि तो म्हणजे ते स्वतः. काही चुकलं की मोठ्यानं स्वतःलाच झापायचे, "मूर्खा, तुला कालच कळायला पाहिजे होतं!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकून शाईची दौत सांडली होती.

माझा पहिला महिना नकाशे गिरवण्यात गेलाच नाही. तो भुसकट टिपण्यात गेला.

झालं असं, की माळावर पूर्वी ज्याचं खळं होतं तो सखारामतात्या नावाचा म्हातारा शेतकरी रोज येऊन बांधावर बसायचा. त्याला दमा होता आणि तोंड मात्र खणखणीत होतं. घरांची दारं कोणत्या दिशेला करावीत यावर साहेब कंपास घेऊन डोकं खाजवत होते. तात्या म्हणाला, "सायेब, वारं कागदावर घावत न्हाई. खळ्यावर हुबं ऱ्हावा. भुसकट कुटं जातंय त्ये बगा. आमी आज्यापणज्यापासनं तसंच बगतोय."

दुसरा कुणी अधिकारी असता तर हसला असता. साहेब दुसऱ्या दिवशी तात्याच्या घरी गेले आणि त्याची वावडी मागून आणली. वावडी म्हणजे धान्य उपणताना वर उभं राहायची तीन पायांची उंच लाकडी घोडी. सोबत सूप आणि दोन पोती भुसकट. मग रोज सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, माळावर ठरवलेल्या सोळा ठिकाणी, सोला हॅट घातलेले साहेब अर्ध्या विजारीत वावडीवर चढायचे आणि सूप डोक्यावर धरून हलकेच भुसकट सोडायचे. भुसकट उडत जाई आणि मी त्याच्या मागे पळे. ते पडेल तिथे खुंटी मारायची, अंतर मोजायचं, वहीत बाण काढायचा. कॅम्पातली माणसं बघायला जमायची. आमचे करीममिस्त्री, सुतारकामाचे मुकादम, एकदा खालून ओरडले, "साब, यात दाणा कुठाय? नुसताच भुस्सा उडवताय राव!"

साहेब वरून म्हणाले, "दाणे अजून यायचेत, मिस्त्री. बायकामुलांना घेऊन यायचेत."

मिस्त्री त्या उपणण्याला पुन्हा कधी हसले नाहीत. त्या दिवसापासून वावडी उचलून न्यायला ते स्वतः पुढे यायचे.

महिन्याअखेर वहीतले सगळे बाण एका मोठ्या कागदावर उतरवले, तेव्हा मलाही दिसलं. उन्हाळ्यातला वारा मावळतीकडून यायचा आणि माळाच्या मध्यावरून एका पट्ट्यातून जायचा. साहेबांनी तो पट्टा तसाच मोकळा ठेवला. दोन्ही बाजूंना घरांच्या रांगा, मधे मैदान. घरं अशी तिरपी बसवली, की प्रत्येक घरात एका खिडकीतून वारा शिरेल आणि दुसरीतून बाहेर पडेल. मी अकरा वर्षं शाळेत गेलो होतो आणि वारा कुठून येतो हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. त्या कागदाकडे बघताना माझ्या अंगावर काटा आला, हे मी आजही कबूल करतो.

झाडांची तऱ्हा वेगळी. झाडं किती फुटांवर लावायची याचे सरकारी नियम होते. ते बाजूला ठेवून साहेब सखारामतात्याला घेऊन निघायचे, पाठोपाठ मी चुन्याची पाटी घेऊन. तात्या चालायचा, धाप लागली की थांबायचा. "इथं झाड," साहेब म्हणायचे, "आणि खाली बसायला ओटा." मी चुन्याचा ठिपका द्यायचो. तात्याचा श्वास जागेवर आला की पुढे. त्या वसाहतीतले रस्ते असे एका दमेकरी म्हाताऱ्याच्या धापेनं आखले गेले. नकाशात मी त्या ठिपक्यांना दम एक, दम दोन, दम तीन असे आकडे घातले, आणि मुंबईच्या मुख्य कचेरीतून खुलासा मागणारं पत्र आलं. साहेबांनी उत्तर काय लिहिलं माहीत नाही. झाडं मात्र तिथेच लागली.

आणि भाजीबाजार! तो त्यांनी मुद्दाम मैदानाच्या पार पलीकडे ठेवला. सगळ्यांनी बोटं मोडली. मीही म्हणालो, "साहेब, बायकांना केवढी पायपीट होईल."

"होऊ दे," ते म्हणाले. "अहो ट्रेसर, फिरायला जाते म्हणाली तर सासू विचारते, कुठं आणि कशाला? भाजीला जाते म्हणाली तर सासूच हातात पिशवी देते."

पुढे मी हे डोळ्यांनी पाहिलं. संध्याकाळी पाचच्या सुमारास रिकाम्या पिशव्या घेऊन बायकांचे घोळके मैदान ओलांडायचे, जाताना भराभर आणि येताना रमतगमत. मेथीची एक जुडी आणायला एक तास. कुठलीही सासू काही म्हणू शकत नव्हती. साहेबांना हे कुठून कळलं असेल? ते एकटेच राहायचे, साइटवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. शेंगदाणे आणि पेरू यांवर त्यांचं दुपारचं जेवण भागायचं. एकदा मी धीर करून विचारलं, की तुम्ही हे सगळं एवढं का करता? ते माझ्याकडे बघतच राहिले. "का म्हणजे? श्वास घेत नाही का सगळे?"

आता माझी गोष्ट सांगायला हवी, कारण ती टाळून साहेबांची सांगता येणार नाही.

मी बॅचलरांच्या शेडमध्ये राहत होतो आणि माझी बायको मुलीला घेऊन पुण्यात मामांच्या घरी, जिन्याखालच्या खोलीत. त्या खोलीला खिडकी नव्हती. शेजारच्या घराची भिंत, वरून जिना, समोर सामाईक मोरी. मुलगी सारखी खोकायची. डॉक्टर म्हणाले, औषधं देतो, पण हिला मोकळी हवा पाहिजे. वसाहतीतल्या घरासाठी माझा अर्ज होता आणि यादीत माझा नंबर पहिल्या रांगांच्या जरा मागे होता. रविवारी पुण्याला गेलो की बायको विचारायची नाही. नुसती बघायची. ते जास्त कठीण होतं.

अशात मुंबईहून हुकूम आला. घरं कमी पडताहेत, मोकळ्या पट्ट्यात आणखी दोन रांगा बांधा. हुकूम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. माणसं खरोखर थांबलेली होती. त्या दोन रांगा झाल्या असत्या तर दिवाळीच्या आत मला घर मिळालं असतं. मी ते पत्र साहेबांच्या टेबलावर दोनदा वाचलं आणि शेडमागे जाऊन देवाला हात जोडले.

साहेबांनी मुंबईच्या मोठ्या इंजिनियरसाहेबांना लिहिलं, एकदा येऊन बघा आणि मग ठरवा. ते आले. वैशाखातली दुपार, तीन वाजून गेलेले. साहेबांनी वाद घातलाच नाही. पट्ट्याच्या मधोमध वावडी मांडली, वर चढले आणि भुसकट सोडलं. ते पूर्वेकडच्या शेवटच्या रांगेच्या दारापर्यंत उडत गेलं. "आता नव्या रांगा बघा," ते म्हणाले.

रांगांच्या भिंती जिथे येणार तिथे आडवे ठेवलेले बांबू करीममिस्त्रींनी आता उभे करवले; त्यांवर सिमेंटच्या गोदामातले तट्टे, म्हणजे बांबूच्या जाड चटया, दुमजली उंचीला आधीच बांधलेले होते. वाऱ्यानं पडू नयेत म्हणून दर दोन बांबूंना एक माणूस. धरणारे कोण, तर आम्हीच, घरासाठी थांबलेले. मी मधोमध होतो, वावडीच्या अगदी समोर. ती जागा मी मागून घेतली होती.

साहेबांनी सूप उचललं आणि मी माझ्या हातातले दोन बांबू हळूच फाकवले. तट्टा वळला, मधे हातभर फट पडली. वारा माझ्या कानाजवळून शिट्टी घालत गेला. भुसकट उडालं. पहिल्याएवढं नाही, पण बरंच लांब.

"बघा," मोठे साहेब म्हणाले, "वारा तर येतोच आहे. थोडा कमी येईल. माणसांना घर नसण्यापेक्षा हे बरं."

माझं काम झालं होतं. खाली बघत उभा राहिलो. साहेब वावडीवरून उतरले आणि सरळ माझ्याकडे चालत आले. फट त्यांनी पाहिली. ती मीच पाडली हेही त्यांना कळलं. आता सगळ्यांसमोर माझी अब्रू जाणार, नोकरीही जाणार, असं मला वाटलं.

"मुलीचा खोकला कसा आहे?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

मला वाटलं होतं, त्यांना ठाऊकच नाही. "तसाच आहे," मी म्हणालो.

"मग तुम्ही हे धरू नका. इतकं जड कुणाला धरवत नाही." त्यांनी माझ्या हातातले बांबू घेतले, स्वतः जुळवून घट्ट धरले आणि म्हणाले, "तुम्ही वर चढा. आज तुम्ही उपणा. जे दिसेल ते मोठ्या साहेबांना सांगा. जे दिसेल तेच. दुसरं काही मागत नाही."

मी चढलो. सूप डोक्यावर धरलं. एका क्षणापूर्वी अंगाला लागणारा वारा थांबला होता. पाठीवरून घाम ओघळायला लागला. मी भुसकट सोडलं आणि ते सरळ खाली, माझ्या पायांवर पडलं. थोडं तोंडावर आलं, नाकात गेलं. मला ठसका लागला. त्या ठसक्यातच मला जिन्याखालची खोली आठवली. खोलीचा वास आला म्हणा ना. समोर बघितलं, तर तट्ट्यांच्या अलीकडे पन्नासेक घरांची दारं होती, आणि त्या प्रत्येक दारात मला माझी बायको मुलीला कडेवर घेऊन उभी दिसली.

"काय म्हणता?" खालून मोठ्या साहेबांनी विचारलं.

खोटं बोलायला मी तयार होतो. शपथेवर सांगतो, शब्द जिभेवर होते. पण सोला हॅट घातलेला तो माणूस माझ्या जागी बांबू धरून उभा होता, आणि माझ्याकडे तो बघतही नव्हता. बघितलं असतं तर मी कदाचित खोटं बोललो असतो.

"वारा बंद झाला, साहेब," मी म्हणालो.

रांगा रद्द झाल्या. घरं दुसरीकडे, रस्त्यापलीकडे बांधायची ठरली, आणि त्या जमिनीचे कागद व्हायलाच वर्ष गेलं. मला घर मिळालं दीड वर्षानं. तोपर्यंत मुलगी त्याच खोलीत चालायला शिकली, आणि तिचं पहिलं पाऊल मी पाहिलं नाही. तो राग माझ्या मनात होता. साहेबांवर होता, स्वतःवर होता. साहेबांबद्दलचा आदरही त्याच मनात होता. दोन्ही एका घरात भाडेकरूंसारखे राहायचे, एकमेकांशी न बोलता.

बायको आली त्याच्या पुढच्या महिन्यात साहेबांची बदली झाली. दूर, विदर्भात, दुसऱ्या एका वसाहतीवर. निरोप घ्यायला ते घरोघर गेले. आमच्याकडे आले तेव्हा दुपार होती, मुलगी बाहेर मैदानात धावत होती. तिचा खोकला महिनाभरात निम्म्यावर आला होता. मी चहा सांगायला आत वळलो, तर बायको बाहेर आली. माझी बायको चार माणसांत कधी वर मान करून बोललेली मी पाहिली नव्हती. त्या वसाहतीत कुणातरी शेजारणीनं तिला तट्ट्यांची हकिकत सांगितली होती.

"साहेब," ती म्हणाली, "ते मैदान राहिलं हे बरंच झालं. माझी तक्रार नाही. पण तुम्ही त्या तात्यांना विचारलंत, मिस्त्रींना विचारलंत, भुसकटालासुद्धा विचारलंत. दीड वर्ष त्या खोलीत कोण थांबणार होतं? मी. मला का नाही विचारलंत? मी हो म्हटलं असतं. पण विचारायला तर हवं होतं."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "अगं," म्हणत मी तिला आवरायला गेलो.

साहेबांनी हॅट काढली. त्यांचं डोकं असं उघडं मी प्रथमच पाहिलं, टक्कल पडलेलं, कपाळावर हॅटचा वळ. ते आमच्या उंबऱ्यावर बसले. "मूर्खा," ते स्वतःला म्हणाले, पण नेहमीसारखं ओरडून नाही, अगदी हळू. मग मान वर करून तिला म्हणाले, "चुकलं माझं, बाई. आता सांगाल?" आणि खिशातून वही काढली.

ती सांगत गेली. खोली किती बाय किती. चूल कुठे. धूर कुठे जायचा. ओले कपडे कुठे वाळायचे. मुलीला ऊन कधी दिसायचं. साहेब लिहीत होते आणि मधे मधे विचारत होते. "वारा कुठून यायचा?"

"यायचा नाही."

त्यांनी तेही लिहिलं. चहा दोनदा निवला. दोन तासांनी ते उठले, तिला वाकून नमस्कार केला आणि स्टेशनकडे चालत गेले. तेव्हा मला कळलं, की या माणसासमोर मला एवढं लहान का वाटायचं. त्यांना सगळं येत होतं म्हणून नाही. आयुष्यभर विचारत आलेल्या त्या माणसाला, एक विचारायचं राहिलं हे कळल्यावर उंबऱ्यावर बसायला लाज वाटली नाही, म्हणून. मी अजून तेवढा मोठा झालेलो नाही.

आठ-नऊ महिन्यांनी एक पोस्टकार्ड आलं. पत्त्यावर नाव माझं नव्हतं, तिचं होतं. नात्यागोत्याबाहेरच्या माणसानं तिच्या नावानं लिहिलेलं ते पहिलं पत्र. ती चौथीपर्यंत शिकलेली. तिनं ते दारात उभं राहून स्वतः वाचलं, दोनदा, आणि मग मला दिलं. साहेबांच्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं :

"सौ. ताई यांस, साष्टांग नमस्कार. इथे काम सुरू झालं आहे. कचेरी अजून झाडाखालीच आहे. घराची वाट बघणाऱ्या कुटुंबांसाठी चाळ मात्र आधी बांधून घेतली. प्रत्येक खोलीला समोरासमोर दोन खिडक्या. काल पहिली बाई मुलांना घेऊन राहायला आली. तिला विचारलं, वारा येतो का? ती म्हणाली, येतो. हे तुम्हाला कळवायचं होतं."

"काय लिहायचं उत्तर?" मी कार्ड आणि पेन घेऊन बसलो.

तिनं माझ्या हातातून पेन काढून घेतलं. बराच वेळ ती लिहीत होती, मुलगी तिच्या पाठीवर चढउतार करत होती. मला वाटलं, नमस्कार, खुशाली, मुलीचा खोकला गेल्याचं असं काहीबाही असेल. पोस्टात टाकायला जाताना मी वाचलं. एकच ओळ होती, आणि खाली तिची पूर्ण नावानं सही :

"ती बाई येतो म्हणाली, पण दार लावून घेतल्यावर येतो का, ते पुन्हा विचारा."